सुकन्येत अडकवलेले पैसे मुलीच्या शिक्षणाला वेळेवर मिळतात का?

बागायतदार_देवगड
मुलगी दोन वर्षांची. जो भेटतो तो सांगतो, सुकन्या समृद्धी उघड, मुलींसाठीची सरकारी बचत योजना. २०२४ च्या जानेवारीपासून ८.२ टक्के व्याज, व्याजावर कर नाही, वर भरलेल्या पैशांवर आयकरात वजावट, ८०-सी म्हणतात ती. वजावट घेऊन मी काय करू? आंब्याचं उत्पन्न शेतीचं, त्यावर आयकरच नाही. आणि पैसे २१ वर्षं अडकणार. त्यापेक्षा पन्नास कलमं जास्त लावीन. ही योजना पगारदारांची.

हर्णैची_सून
पगारदारांची तरी कुठे? नव्या करपद्धतीत ८०-सी नाहीच, माझ्या भावाने तीच धरली आहे. तरी मी भरते, कारण पैसे हाताला लागत नाहीत. दोन वर्षांपूर्वी होडीचं इंजिन बसलं तेव्हा माझ्या पाटल्या गहाण गेल्या, लेकीच्या पासबुकाला कोणी हात लावू शकलं नाही. तुमची कलमं ठीक, पण फुलकिड्यांनी मोहर खाल्ला त्या वर्षीची फी कशातून भरणार?

दुकानदार_राजापूर
ताई, हात लावता येत नाही हेच माझं दुखणं. २०१५ मध्ये योजना आली तेव्हा लेक नऊ वर्षांची, लगेच खातं काढलं. २०२४ ला तिला पुण्यात इंजिनिअरिंग मिळालं. अठरा पूर्ण झाली की आदल्या मार्चअखेरच्या शिलकेपैकी निम्मी रक्कम शिक्षणासाठी काढता येते, एवढंच मला ठाऊक होतं. काउंटरवर कळलं की तीही प्रवेशाच्या कागदावर किंवा फीच्या पावतीवर जेवढा आकडा असेल तेवढीच. आणि त्याच वर्षी सरकारने वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणातल्या), ओबीसी घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क माफ केलं! पावती हलकी झाली याचा आनंदच, पण खोलीचं डिपॉझिट आणि मेस कुठल्या पावतीवर दाखवू? ते उधारीवर. उरलेलं खातं पिकणार २०३६ ला, तेव्हा ती तिशीत.

हर्णैची_सून
नऊ वर्षांची असताना उघडलंत, म्हणून. यांची दोन वर्षांची आहे, तेविसाव्या वर्षी सगळं हातात. कॉलेजच्याच हॉस्टेलचा आकडा पावतीवर असेल तर तोही चालतो. माफी तरी तेव्हा असेल याची खात्री कोण देणार?

गजाली_मालवण
माका झील आसा, सुकन्या खयची! त्याच्या नावाने पीपीएफ काढलं, तेही सरकारी बचत खातंच. व्याज कमी, ७.१, पण तेही करमुक्त. सातव्या वर्षापासून थोडे काढता येतात आणि मेस की खोली ते कोणी विचारत नाही. फक्त तुमचं नि पोराचं मिळून वर्षाला दीड लाखच. आणि महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या महिन्याचं व्याज बुडतं.

बागायतदार_देवगड
वाशी बाजारातून आंब्याची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, येतात मेअखेर, म्हणजे पाच जूनपर्यंत भरता येतील. चालेल. पीपीएफ काढतो, सुकन्या खातंही उघडतो आणि वर्षाला किमान २५० टाकून ते नुसतं जिवंत ठेवतो. कलमं लावणारच.

हर्णैची_सून
२५०? तेवढ्यात तुमचा एक डझन हापूस तरी देता का?