बाळाची कुंची, टोपरं, लाळेरं : घरी बेतलं, घरी शिवलं. तुमचे अनुभव सांगा

बहिणीच्या बाळाचं बारसं जवळ आलंय आणि मी पहिल्यांदाच कुंची बेतायला बसले आहे. तयार मिळते, पण आतून जरीचे धागे टोचणारी कुंची बाळाला घालायला मन धजेना. तुम्ही स्वतः कागद कापून जे शिवलंत ते इथे लिहा. मापं जरूर द्या, आणि काय चुकलं तेही.

\* \* \*

आमच्याकडे कुंची खणाचीच. खणाचा पन्हा कमी, म्हणून वर्तमानपत्रावर बेतल्याशिवाय कात्री लावू नका. माझं कात्रण असं: डोक्यासाठी १४ बाय ७ इंचांची पट्टी. मधोमध दुमडली की ७ इंचांचा चौकोन होतो. घडी माथ्यावर, मागची बाजू शिवायची, पुढची चेहऱ्यासाठी मोकळी. शिवणीसाठी लागणारी अर्ध्या इंचाची माया यातच धरली आहे. पाठीवरचा घोळ २४ इंच रुंद, १४ इंच लांब. चुण्या घालून तो मानेशी १२ इंचांवर आणायचा. माथ्यामागे टोक येतं, तिथे गोंडा.

पहिल्या नातीच्या कुंचीला मी अस्तर लावलं नव्हतं. पाळण्यात घालायच्या आधीच तिच्या कानामागे लाल रेघ उठली. ती रेघ अजून डोळ्यांपुढे येते. तेव्हापासून आत धुवट मलमल, आणि शिवण खण नि अस्तर यांच्या मध्ये दडवलेली. नवं अस्तर असेल तर आधी भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि कुंचीचं तोंड वाकडं होतं.

\* \* \*

लाळेऱ्यासाठी मी ८ इंची ताटली कागदावर ठेवून गोल काढला, गळ्यासाठी साडेतीन इंची वाटी. वर आईची जुनी सुती साडी, मध्ये पंचा. कडेला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टीच लावा, सरळ पट्टी गोलावर बसत नाही. वेल्क्रोने लेकाची मान खरचटली, म्हणून आता टिचबटण.

\* \* \*

माझा अनुभव थोडा वेगळा. मुलगी ३२व्या आठवड्यात झाली, वजन १ किलो ६०० ग्रॅम. काचेच्या पेटीतून काढून छातीशी धरायची तेव्हा डोक्यावर टोपरं हवं, असं नर्सताईंनी सांगितलं. दुकानातलं सगळ्यात लहान टोपरंही तिच्या डोळ्यांवर घसरायचं. डोक्याचा घेर भरला २९ सेंटीमीटर. सासूबाईंनी बाजारातून तेवढ्या घेराचं मोसंबं शोधून आणलं आणि नवऱ्याचा जुना बनियन त्यावर बेतला. होजियरी ताणते, म्हणून घेर सेंटीमीटरभर कमीच ठेवला. गरम पाण्यात धुऊन, वाळवून सकाळी दिलं. नीट बसलं. मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले. मुलगी आता चौथीत आहे, टोपरं माझ्या कपाटात.

\* \* \*

आम्ही टोरांटोला असतो, लेक डिसेंबरातला. फ्लॅनेलचे पायमोजे मीच शिवले. त्याचं पाऊल झोपेत कागदावर गिरवलं आणि भोवती पाव इंच माया सोडली. एक गोष्ट कळकळीने सांगतो: आतले सुटे धागे कापा आणि शिवण अस्तराने झाका. सुटा धागा बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडतं, आणि मोजा घातलेला असल्याने दिसतही नाही. मी दरवेळी मोजा उलटा करून आतून बोट फिरवतो.

\* \* \*

बोरन्हाणाच्या मुकुटाबद्दल कुणी लिहिलं नाही. हलवा काटेरी, थेट कपाळावर नको. काळ्या मखमलीची दीड इंची दुहेरी पट्टी करून त्यावर हलव्याच्या माळा टाकल्या, मागे इलॅस्टिक. फोटो झाले की लगेच उतरवा, दाणा तोंडात जायला वेळ लागत नाही.

\* \* \*

कुंचीवाल्या काकू, तुमच्या मापाने काल कागद कापला. भाचीच्या डोक्याचा घेर १४ इंच आहे, कागदी कुंची बरोबर बसली. आज मलमल भिजत घातलीय.