केनेडी हत्येची चित्रफीत बनावट असल्याचा दावा कसा तपासावा?

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. विश्रामबागेतील आमच्या अभ्यासमंडळात गेल्या बैठकीत अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येवर चर्चा झाली. एका सदस्यांनी ठामपणे सांगितले, की २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये अब्राहम झाप्रूडर यांनी टिपलेली चित्रफीत सरकारी यंत्रणेने नंतर बदलली. त्यांचे म्हणणे असे, की मूळ फितीतील काही फ्रेम गायब आहेत, हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाच्या छापील खंडात ३१४ आणि ३१५ या फ्रेमचा क्रम उलटा आहे, आणि मोटार थांबली असे सांगणारे साक्षीदार असताना फितीत ती थांबत नाही. मंडळात महाविद्यालयीन मुलेही येतात. "हे सगळे थोतांड आहे" एवढ्यावर त्यांची बोळवण करणे मला पटत नाही. सुरुवात कोठून करावी?

दप्तरप्रेमी, सातारा

फितीत काय दिसते याआधी ती कोणाकोणाच्या हातून गेली, हे पाहावे. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी प्रसिद्ध केलेली पटवर्धन दप्तरातील पत्रे आपण बखरींपेक्षा अधिक विश्वासार्ह मानतो, कारण ती कोणी, कोणाला, केव्हा लिहिली आणि कोठे सापडली हे सांगता येते. हाच निकष येथे लावावा.

फीत त्याच दिवशी डॅलसच्या कोडॅक प्रयोगशाळेत धुतली गेली, तिच्या तीन प्रती त्याच शहरातील जेमिसन कंपनीत निघाल्या, आणि या कामांची प्रतिज्ञापत्रे झाप्रूडर यांनी तेव्हाच करून घेतली. मूळ फितीला ०१८३ आणि प्रतींना ०१८५, ०१८६ व ०१८७ असे क्रमांक छिद्रे पाडून दिलेले होते. दोन प्रती अध्यक्षांचे संरक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसकडे गेल्या. मूळ फीत आणि उरलेली प्रत 'लाइफ' साप्ताहिकाकडे गेली, आणि २९ नोव्हेंबरच्या अंकात तिच्यातील फ्रेम छापूनही आल्या. म्हणजे बदल करणाऱ्याला चारही फिती हाताशी असायला हव्या होत्या, आणि तेही फार थोड्या दिवसांत. वॉशिंग्टनच्या एका सरकारी छायाचित्र केंद्रात त्याच सुमारास फितीवरून मोठे प्रिंट काढले गेले, असे तेथील कर्मचाऱ्यांनी १९९७ मध्ये सांगितले आहे. याविषयी प्रश्न विचारणे रास्तच आहे. पण प्रिंट काढणे म्हणजे फीत बदलणे नव्हे.

गायब फ्रेम मुख्यतः २०८ ते २११ या आहेत. 'लाइफ'कडे हाताळताना फीत तुटली. पहिल्या दिवशीच्या प्रतींमध्ये त्या फ्रेम शाबूत आहेत. क्रमाची उलटापालट छापताना झाली. फितीत क्रम बरोबर आहे.

जुना कॅमेरा, मिरज

माझे आयुष्य स्टुडिओत गेले, म्हणून तांत्रिक बाजू मांडतो. ही ८ मिमी कोडाक्रोम फीत आहे. तिला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून निघालेली फीतच धुतल्यावर पॉझिटिव्ह होते. फ्रेमची रुंदी पाच मिलिमीटरांहूनही कमी, आणि अशा फ्रेम ४८६. त्यांत फेरफार करायचा, तर प्रत्येक फ्रेम मोठी करायची, बदलायची आणि पुन्हा कोडाक्रोमवर उतरवायची. अशा प्रत्येक फेरीत चित्राचा दाणा वाढतो, उजेड-सावलीतील फरक भडक होतो आणि रंग सरकतो. नजर तयार असलेल्या माणसाला हे लपत नाही.

त्याहून मोलाची गोष्ट कडेला आहे. त्या बेल अँड हॉवेल कॅमेऱ्यात चित्र फ्रेमच्या बाहेर, दात्यांच्या छिद्रांमधल्या पट्टीतही उमटत असे. जेमिसनमध्ये काढलेल्या प्रतींत ती पट्टी उतरलेली नाही. मूळ फितीत ती आहे, आणि तिच्यातील दृश्य मधल्या दृश्याशी सलग जुळते. कोडॅकचे निवृत्त तज्ज्ञ रोलंड झवाडा यांनी १९९८ मध्ये अशा खुणा तपासून, अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील फीत कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फीतच आहे, असा निष्कर्ष दिला.

मोटारचालकाने मागे वळून गोळी झाडली, असा दावाही मुलांच्या पाहण्यात येईल. तो प्रतीवरून प्रत काढत गेलेल्या धूसर प्रतींवर उभा आहे. स्वच्छ प्रतीत दिसते, की ज्याला पिस्तूल म्हटले जाते, तो शेजारी बसलेल्या अधिकाऱ्याच्या केसांवर पडलेला उन्हाचा चकाका आहे.

कृष्णाकाठ, सांगली

दोघांचेही मनापासून आभार. मोटार थांबल्याच्या साक्षींचे मात्र काय करावे? त्या सगळ्या खोट्या म्हणायला मन धजत नाही.

दप्तरप्रेमी, सातारा

खोट्या म्हणण्याची गरजच नाही. ऑर्व्हिल निक्स आणि मारी मचमोर यांनी वेगळ्या जागांवरून, स्वतःच्या कॅमेऱ्यांनी तोच प्रसंग टिपला होता, आणि त्यांच्या फितींतही मोटार मंदावते, पण थांबत नाही. भौतिकशास्त्रज्ञ लुई अल्वारेझ यांनी झाप्रूडर फितीवरून हिशेब मांडला, की वेग ताशी सुमारे १२ मैलांवरून ८ मैलांपर्यंत उतरला. मागून येणारे मोटारसायकलस्वार त्यामुळे पुढे सरकले. गोळीबाराच्या त्या क्षणी बघणाऱ्याला गाडी थांबल्यासारखी वाटणे स्वाभाविक आहे.

मुलांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. फीत अस्सल आहे म्हणजे कट नव्हता, असे ठरत नाही. अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीने १९७९ मध्ये ही फीत पुरावा म्हणून वापरली, आणि तरीही पोलिसांच्या रेडिओवरील ध्वनिमुद्रणाच्या आधारे कटाची शक्यता मान्य केली. तो ध्वनीचा आधार पुढे १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने फेटाळला. शिवाय केनेडींचे डोके मागे झुकते, या एकाच दृश्याने समोरून गोळी आल्याचा संशय सर्वाधिक वाढवला. ऑस्वाल्डने एकट्यानेच मागून गोळ्या झाडल्या, हा वॉरन आयोगाचा निष्कर्ष मजबूत करण्यासाठी फीत बदलली असेल, तर तेच दृश्य का ठेवले?

जुना कॅमेरा, मिरज

त्या सदस्यांना पुढच्या बैठकीत एवढेच विचारा, की कोणती फ्रेम बदलली, तिच्यात काय होते, आणि ०१८५ ते ०१८७ या प्रतींत ते कसे दिसते. या तीनपैकी एखाद्या प्रतीत मूळ फितीहून वेगळे दृश्य कोणी दाखवले, तर मी माझे मत बदलायला तयार आहे.