रद्द केलं म्हणजे नक्की कधी? (स्ट्राइपचे वेबहुक आणि रस्ट)

बिनसाखरेचा चहा: आमचं छोटं ॲप रस्ट भाषेतल्या ॲक्सम या वेब फ्रेमवर्कवर चालतं, सदस्यत्वाचे पैसे स्ट्राइप ही ऑनलाइन पेमेंट सेवा घेते. त्यात घोळ झाला. ग्राहकाने ५ तारखेला सदस्यत्व रद्द केलं, पैसे महिनाअखेरपर्यंतचे भरलेले, आणि आम्ही त्याच दिवशी त्याला बाहेर काढलं. चूक माझीच. सदस्यत्वात काही बदललं की स्ट्राइप वेबहुकने, म्हणजे आमच्या सर्व्हरला आपणहून संदेश (इव्हेंट) पाठवून, कळवतं. त्यातल्या ‘सबस्क्रिप्शन अपडेटेड’मध्ये ‘मुदत संपल्यावर रद्द’ दिसलं की मी प्रवेश बंद करत होतो. खरं तर ‘डिलीटेड’ (सदस्यत्व खरंच संपलं) हा इव्हेंट येईपर्यंत थांबायचं असतं. आता माझं मत असं की वेबहुक ही नुसती दाराची घंटा समजावी. वाजली की स्ट्राइपच्या एपीआयला (प्रोग्रामने माहिती मागायची सोय) आत्ताची स्थिती विचारायची आणि तीच टेबलात लिहायची.

गंजका खिळा: असहमत. दुखणं एक, औषध भलतंच. वेबहुकवरची स्ट्राइपची डिजिटल सही तपासलीस ना? मग मजकूर खराच आहे. सदस्यत्वाच्या स्थितींचा एनम (ठरावीक पर्यायांची यादी) कर, त्यावर मॅच (कुठल्या पर्यायाला काय करायचं ते) लाव, कंपायलर एकही स्थिती सुटू देणार नाही. उगाच नेटवर्कची आणखी एक फेरी कशाला?

बिनसाखरेचा चहा: खरा आहे, पण शिळा असू शकतो. आपल्याकडून यशाचं उत्तर गेलं नाही तर स्ट्राइप तोच इव्हेंट ३ दिवसांपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवतं आणि क्रमाची हमी देत नाही.

रात्रपाळी: कंपायलरला स्ट्राइपच्या मनातलं कुठे कळतं? उद्या नवी स्थिती आली की सर्डी (रस्टची डेटा वाचणारी लायब्ररी) पार्स करताना आपटणार, ॲक्समचा जेसन एक्स्ट्रॅक्टर (आलेला जेसन मजकूर उलगडणारा भाग) ४२२ हा एरर कोड देणार, आणि तोच इव्हेंट पुन्हा दारात उभा. अनोळखी स्थितीसाठी एनममध्ये ‘अदर’ (इतर) ठेवा. शिवाय सही मूळ बाइट्सवर असते, त्यामुळे आधी बाइट्स घ्या, जेसन नंतर. आणि टोकिओ स्पॉन करून (काम त्याच प्रोसेसमध्ये मागे सोडून) लगेच २०० (यशाचा कोड) देणाऱ्यांनो, डिप्लॉयला (नवी आवृत्ती चढवताना) प्रोसेस मेली की काम गेलं! इव्हेंटचा आयडी प्रायमरी की (टेबलात एकदाच येऊ शकणारी ओळख) करून पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ओळ टाका, मग २००, बाकीचं वर्करमध्ये (मागे वेगळं चालणारं काम).

गंजका खिळा: हे मान्य, ‘अदर’सुद्धा. पण क्रमाचा बाऊ नको. स्ट्राइपमध्ये रद्द झालेलं सदस्यत्व पुन्हा जिवंत होत नाही, ग्राहक परतला तर नवा आयडी मिळतो. ‘डिलीटेड’ एकदा लिहिलं की त्यावर काही लिहू द्यायचं नाही. डेटाबेसच्या क्वेरीत एका ‘व्हेअर’ अटीचं काम.

बिनसाखरेचा चहा: ‘डिलीटेड’पुरतं पटलं. पण त्याआधी ग्राहक रद्द करतो, विचार बदलतो, परत चालू करतो. दोन ‘अपडेटेड’ उलटे आले तर? इव्हेंटवरची वेळ सेकंदात असते. दोन्ही एकाच सेकंदातले निघाले तर तुझा ‘व्हेअर’ कोणाला खरं मानणार?

गंजका खिळा: तेवढ्यापुरता वर्करमधून एपीआयला कॉल कर. वेबहुक घेणाऱ्या हँडलरमधून नको.