'दखल घेतली' आणि 'दखल दिली'

फोंडा :
बारावीच्या राज्यशास्त्राची टिपणे मराठीत काढतोय. २००९ च्या मे महिन्यात श्रीलंकेतले युद्ध संपले, पुढे तिथल्या तमिळांच्या मानवी हक्कांवर जिनिव्हाच्या मानवी हक्क परिषदेत ठराव येत गेले, तेव्हा भारत सरकारने काय केले, हा विषय. मी लिहिले : 'भारताने या प्रश्नाची दखल घेतली, मात्र श्रीलंकेच्या अंतर्गत बाबीत दखल दिली नाही.' सोबतच्या बाई म्हणतात, दुसरी दखल मराठी नव्हे. बरोबर का?

म्हापसा :
बाईंचे बरोबर. ती हिंदी बातम्यांतून आली. आपण दखल घेतो, देत नाही. त्या अर्थाला आपल्याकडे शब्द काय कमी आहेत? हस्तक्षेप, ढवळाढवळ, लुडबूड, नाक खुपसणे. टिपणात हस्तक्षेप लिहा. ढवळाढवळ म्हटले की बोलणाऱ्याचा राग दिसतो.

डिचोली :
कोर्टकचेऱ्यांत आयुष्य गेले, म्हणून थोडे सांगतो. शब्द अरबी, मूळ अर्थ आत शिरणे. 'दाखल' त्याच घरचा. मुंडकारांच्या, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांच्या, दाव्यांत 'बेदखल' उठता-बसता ऐकायचो. १९७५ चा मुंडकार कायदा संरक्षण देतो ते बेदखलीपासूनच. तिथे दखल म्हणजे ताबा. पोलीस ठाण्यात गेलात तर दखलपात्र आणि अदखलपात्र. पहिल्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, दुसऱ्यात नुसती नोंद होते आणि तुम्ही कागद घेऊन घरी येता. त्यामुळे 'दखल घेतली' म्हटले की मराठी माणसाला वाटते, आता काहीतरी हलणार. पंचायतीने तक्रारीची दखल घेतली म्हणजे निदान कोणी येऊन गटार तरी बघून गेला.

पणजी :
डिचोलीकरांनी नेमके सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांत जे 'दखल घेतली' म्हणून बातम्यांत छापून येते, ते पुष्कळदा एवढे वजनदार नसतेच. २००१ मध्ये आमसभेने निर्णय ५५/४८८ करून सांगून टाकले की 'टेक्स नोट' हा मूळ इंग्रजी शब्दप्रयोग तटस्थ आहे, त्यात संमतीही नाही आणि नापसंतीही नाही. त्याला मराठीत 'नोंद घेतली' एवढेच पुरे. नोंद, दखल, चिंता, निषेध अशा चढत्या पायऱ्या आहेत, आणि परराष्ट्र खात्याची माणसे पायरी मोजून पाय टाकतात.

पण मास्तर, तुमचे खरे दुखणे क्रियापदाचे नाही. २००९ च्या मे मध्ये भारताने श्रीलंकेला अनुकूल ठरावाला मत दिले. २०१२ आणि २०१३ मध्ये श्रीलंकेला जाब विचारणाऱ्या ठरावांना दिले. २०१४ मध्ये ठरावात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तांच्या कार्यालयाकडून चौकशीची तरतूद आली, तेव्हा ही पद्धत सार्वभौमत्वाला बाधक आहे असे म्हणून भारत तटस्थ राहिला. २०२१ आणि २०२२ मध्येही तटस्थ. हे सगळे एका 'दखली'त कोंबले तर मुलांना काय कळणार?

मडगाव :
'तटस्थ' मला खटकते. २०२१ च्या निवेदनात भारताने तमिळांसाठी समता, न्याय, शांतता आणि सन्मान मागितला, शिवाय श्रीलंकेची एकता आणि प्रादेशिक अखंडताही मांडली. काठावर उभा राहणारा एवढे बोलतो का? 'मतदानापासून दूर राहिला' लिहावे. 'गैरहजर' मात्र नको. सभागृहात असून मत न देणे वेगळे, फिरकलाच नाही हे वेगळे.

पणजी :
टिपणात तुमचेच घ्यावे. मथळ्यात मात्र 'तटस्थ'ला पर्याय नाही, जागाच नसते.

पेडणे :
सगळे दखलीवर बोलताहेत, 'अंतर्गत बाब' तशीच सुटली. हे दोन शब्द गोंयकाराने सहजी लिहू नयेत. १९५१ मध्ये पोर्तुगालने घटना बदलून वसाहतींना 'सागरपार प्रांत' करून टाकले, म्हणजे गोवा त्यांची घरातली गोष्ट, बाहेरच्यांनी बोलायचे नाही. १५ डिसेंबर १९६० ला आमसभेने ठराव १५४२ करून गोव्याला स्वशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत घातले. दखल म्हणतात ती ही.

आणि १८ डिसेंबर १९६१ ची सुरक्षा परिषद. भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव, सदस्य अकरा. सात बाजूने, चार विरोधात, त्यात सोव्हिएतचा नकाराधिकार, ठराव पडला. त्या दिवशी तटस्थ एकही नाही. आणि त्या चारांत सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, आपल्या बाजूने होती. टिपणात एक ओळ तरी घाला.

डिचोली :
विषयांतर आहे, पण चालवून घेऊ.

फोंडा :
सर्वांचे आभार. आता असे केले : '२०१२ व २०१३ मध्ये भारताने श्रीलंकेकडे उत्तरदायित्व मागणाऱ्या ठरावांना मत दिले, २०१४, २०२१ व २०२२ मध्ये तो मतदानापासून दूर राहिला. चौकशी बाहेरून लादणे हा श्रीलंकेच्या सार्वभौमत्वात हस्तक्षेप ठरेल, असा २०१४ मधील त्याच्या भूमिकेचा रोख होता.' सिलोनची ओळ चौकटीत टाकतो. 'अंतर्गत बाब' काढली.

म्हापसा :
'उत्तरदायित्व' पण काढा. पणजीकरांचे 'जाब विचारणाऱ्या' घ्या, पोरांना पाठ करावे लागणार नाही.