नागपूरच्या मे महिन्यात 10 लिटरची पीसी केस चालेल का?

उन्हाळी_पाखरू (नागपूर)

नमस्कार मंडळी. टेबलाचा अर्धा भाग आईच्या शिलाई मशीनने व्यापलाय, उरलेल्या अर्ध्यात माझा टॉवर पीसी. आता छोटी केस घ्यायचं पक्कं केलंय. रायझन 7 7700 प्रोसेसर आणि आरटीएक्स 4070 ग्राफिक्स कार्ड (दोन पंख्यांचं, जाडी 51 मिमी) आहे तेच वापरणार. मिनी-आयटीएक्स (छोट्या मापाचा) मदरबोर्ड आणि एसएफएक्स (छोट्या मापाचा) पॉवर सप्लाय नवे घेणार.

मन फ्रॅक्टल कंपनीच्या टेरा या केसवर बसलंय. दिसायलाच इतकी देखणी आहे की काय सांगू. पण मित्र म्हणतो, वेडा आहेस, कूलर मास्टरची एनआर200 घे. खोलीत एसी नाही, साधा डेझर्ट कूलर आहे. मे महिन्यात दुपारी चारला खोलीतलं थर्मामीटर 37 दाखवतं. रिव्ह्यू बघितले तर टेरात प्रोसेसर 75-76 ला राहतो, म्हणजे ठीकच म्हणायचं ना? एकूण पंखे किती लावू? आणि वॉटर कूलिंग लागेल का? संध्याकाळी दोन-तीन तास गेम, दिवसभर ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर).

खटपट्या (अकोला)

रिव्ह्यूतला आकडा आहे तसा घेऊ नका भाऊ. ते लोक 21-22 अंशांच्या खोलीत बसून मोजतात. तुमची खोली 37 ची. वरचे पंधरा अंश प्रोसेसरच्या तापमानात जवळजवळ तसेच्या तसे चढतात, कारण प्रोसेसरवरचा कूलर हवा थंड करत नाही, उष्णता खोलीच्या हवेत नेऊन टाकतो एवढंच. तिकडे 76 तर तुमच्याकडे 91. 7700 ची मर्यादा 95. जळणार काही नाही, पण ब्लेंडर लावलंत की पंखा दिवसभर बोंबलेल, तोही कानापासून हातभर अंतरावर.

टेरातला मधला कणा (बोर्ड आणि कार्ड यांच्यातला पत्रा) सरकवता येतो, त्याचं सगळ्यांना कौतुक. पण जागा येणार कुठून? प्रोसेसरच्या कूलरला 48 मिमी द्या, कार्डला 72 मिळतात. कूलरला 77 द्या, कार्डला 43. बेरीज 120 च्या पुढे जात नाही. तुमचं कार्ड 51 चं, म्हणजे कूलरसाठी पासष्टच्या आसपास. नॉक्टुआचा एनएच-एल9एक्स65 बसेल, 92 मिमीचा पंखा असलेला. एनआर200 ला जाळीचं दार (बाजूचं झाकण) ठेवलं तर 155 मिमी उंचीपर्यंतचा टॉवर कूलर (प्रोसेसरवरचा उभा कूलर) जातो. 7700 पूर्ण भारावर 88 वॅट ओढतो. दोन्ही कूलर तेवढी उष्णता काढतील, फरक आवाजात पडेल.

पंखे किती, हे केसच्या मांडणीवर ठरतं. टेरासारख्या सँडविच केसमध्ये (बोर्ड आणि कार्ड पाठीला पाठ लावून) कार्ड एका दाराला नाक लावून असतं, प्रोसेसर दुसऱ्या. दोघंही बाहेरची ताजी हवा थेट ओढतात, तिथे जास्तीचे पंखे कोंबून फार काही हाती लागत नाही. एनआर200 मध्ये कार्डाचं तोंड खाली. म्हणून तळाला दोन 120 मिमीचे आत ओढणारे, छताला दोन बाहेर फेकणारे. कार्ड फार जाड असेल तर तळाला 15 मिमीचे पातळ पंखे.

टेराच घ्यायची झाली तर एक काम नक्की करा. कूलरचा पंखा आणि दार यांच्यात पाच-दहा मिमीची फट राहते, ती खरी चोर. खाली फेकलेली गरम हवा बोर्डावर आपटते आणि त्याच फटीतून पुन्हा पंख्यात शिरते. दार लावून जाळीवरून उदबत्ती फिरवून बघा. पंख्याच्या मधोमध धूर आत जातो, दोन बोटं बाजूला सरकलात की तोच धूर बाहेर ढकलला जातो. स्टेशनरीच्या दुकानात फोम शीट मिळते, तिची चौकट कापून पंख्याच्या कडेने बसवा, दाराला जेमतेम टेकेल इतकी उंच. माझ्याकडे यानेच 5-6 अंश उतरले. फुकटात म्हणायला हरकत नाही.

आणि कार्डची पॉवर लिमिट (वीज ओढण्याची मर्यादा) 80 टक्क्यांवर आणा. 200 चे 160 वॅट होतात, फ्रेममधला फरक गेम खेळताना कळतही नाही. प्रोसेसरला बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे व्होल्टेज थोडं उतरवणारी सेटिंग, उणे 15 पासून सुरू करा, ब्लेंडर तासभर टिकलं तर उणे 20. केस कुठलीही घ्या, आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे करावंच लागतं.

सायलेंटमोड (पुणे)

एवढी मारामारी कशाला? एनआर200 च्या बाजूच्या पट्टीवर 240 मिमी रेडिएटरचा वॉटर कूलर लावा, विषय संपला. मी हेच केलंय, आवाज शून्य.

खटपट्या (अकोला)

पुण्यात संपत असेल हो विषय. रेडिएटरही (पाणी थंड करणारी जाळी) खोलीच्याच हवेने थंड होतो, 37 च्या खाली तोही नेत नाही. बाजूने हवा आत ओढलीत तर कार्डाला कोमट हवा. बाहेर फेकलीत तर कार्डाने तापवलेली हवा रेडिएटरला. इथे 200 वॅटचं कार्ड हाच मोठा गडी आहे, ताजी हवा आधी त्याला. शिवाय रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं, नाहीतर बुडबुडे पंपात जमून गुरगुरत बसतात. प्रोसेसर 170 वॅटचा असता तर मीच म्हटलं असतं, लावा. 88 वॅटला कशाला?

काळी_माती (जळगाव)

तापमानावर बोलून झालंय, मी धुळीचं सांगतो. डेझर्ट कूलर लावला की खिडकी उघडी ठेवावीच लागते, आणि मग गल्लीतली सगळी धूळ आत. पीसी डेझर्ट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. बोअरचं पाणी असेल तर झोताबरोबर बारीक तुषार येतात आणि क्षाराची पांढरी पूड साचते. माझ्या कार्डाच्या पात्यांवर ती नखाने खरवडावी लागली होती. दमटपणाला मात्र घाबरू नका, चालू पीसी खोलीपेक्षा गरमच असतो, त्यावर दव धरत नाही.

बारीक विणीचे फिल्टर छोट्या केसचा गळा दाबतात. मच्छरदाणीची नायलॉन जाळी पुरते. धूळ उडवायला ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, मोकळा फिरू द्यायचा नाही.

उन्हाळी_पाखरू (नागपूर)

सगळ्यांचे आभार. काल टेप घेऊन बसलो. टेराची रुंदी 153 मिमी, एनआर200 ची 185. 32 मिमीचा फरक. लांबीतही तेवढाच, 343 आणि 376. खरा फरक उंचीत आहे, पण टेबलाच्या वर जागाच जागा आहे. आईने मापं बघून शिलाई मशीन चार बोटं सरकवायला होकार दिलाय, त्यामुळे एनआर200 घेतो. टेराचे फोटो बघणं तेवढं सुटत नाहीये.

एकच राहिलं. दुकानदार एनआर200 चं 'पी' मॉडेल घ्या म्हणतोय, काचेचं दार मिळतं म्हणून. घेऊ का?

खटपट्या (अकोला)

त्यात जाळीचं दारही सोबत येतं, तेव्हा भावात फार फरक नसेल तर घ्या. काच डिसेंबरात लावा.