मदत हवी आहे: मुलगा दुधावरच राहतो, जेवणाला तोंड लावत नाही

नमस्कार मंडळी. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. मऊ वरण-भात आणि तूप-साखर पोळी एवढंच खातो. भाजीचा हिरवा तुकडा भातात दिसला तरी बोटांनी वेचून ताटाच्या कडेला लावतो, आणि मग तो भातही नको असतो. सासूबाईंचा जीव तुटतो, त्या लगेच दुधाचा पेला पुढे करतात. पोट भरलं की जेवण राहिलंच.

हिमोग्लोबिन ९.८ आलंय. या वयात ते ११ च्या खाली नको, म्हणून डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलंय, आणि दूध दिवसाला दोन छोटे पेलेच, तेही जेवणाच्या वेळी नको, असं सांगितलंय. दुधातल्या कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही; लिंबू, आवळा, पेरू यांतल्या क जीवनसत्त्वाने मात्र ते चांगलं शोषलं जातं. त्यामुळे वरणावर लिंबू पिळतेय, ते त्याला आवडतंय. मोबाईल दाखवून भरवायचं नाही हे आम्ही दोघांनी पक्कं ठरवलंय.

मला विचारायचंय ते असं: पालक, मेथी, मूग, मटकी, अळीव तुमच्या मुलांनी कोणत्या रूपात खाल्लं? थालीपीठ, धिरडी, मुटके, काहीही चालेल. भाजी लपवून द्यावी की रोज थोडी समोर ठेवत राहावी? आणि सासूबाईंना न दुखावता दुधाचं कसं सांगू? त्या मायेनेच करतात, त्यामुळे शब्द सुचत नाहीत.