जीन टेस्टनं कॅन्सर पसरणार का ते कळतं म्हणे!

खानापूरवाला: काल इथं एकानं लिहिलंय, 'आतड्याचा कॅन्सर निघाला की आधी जीन टेस्ट करा, पसरणार की नाही ते पक्कं कळतं, नाहीतर डॉक्टर केमो माथी मारतात.' वाचून डोकं फिरलं. पक्कं काही कळत नाही हो! स्टेज २ ला, म्हणजे कॅन्सर लिम्फ नोडपर्यंत गेलेला नसताना, एमएसआय-हाय (गाठीतली डीएनए दुरुस्ती बिघडलेली) निघालं तर परत उलटायचा धोका कमी. तेच एमएसएस (म्हणजे दुरुस्ती शाबूत) असून बीआरएएफ जीनमध्ये व्ही६००ई हा बदल निघाला तर गाठ वाईट स्वभावाची. बर्लिनच्या लोकांनी २००९ मध्ये एमएसीसी१ हा जीन दाखवला, तो जास्त चालू असेल तर लिव्हरपर्यंत जायची शक्यता जास्त. शक्यता! १२ जीन बघणारी ऑन्कोटाइप टेस्टसुद्धा परत उलटायचा धोका सांगते, केमो लागू पडेल का ते नाही. आणि आपल्याकडचे रिपोर्ट काढून बघा, ६-७ लिम्फ नोड (गाठीजवळच्या लसिका ग्रंथी, कॅन्सर तिथं गेलाय का त्यावर स्टेज ठरते) तपासून मोकळे. किमान १२ बघितले नाहीत तर स्टेजच कच्ची, तिथं जीनचं काय घेऊन बसलाय?

टिळकवाडी_७: ते मीच लिहिलंय. माझ्या मेव्हण्याला स्टेज २ ला केमो दिली. हाताला मुंग्या, अजून शर्टाचं बटण लावता येत नाही. नंतर गाठीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मुंबईला पाठवला तर एमएसआय-हाय! आधी बघितलं असतं तर केमो टळली असती. तुम्ही बसा शक्यता मोजत.

खानापूरवाला: ती एमएमआरची तपासणी, एमएसआयचीच दुसरी बाजू: डीएनए दुरुस्त करणारी चार प्रोटीन गाठीत आहेत का ते रंग देऊन बघायचं (आयएचसी). प्रत्येकाची व्हायलाच पाहिजे, कोण नाही म्हणतंय? 'पसरणार की नाही ते कळतं' हे खोटं आहे एवढंच म्हणतोय.

निपाणीकर: टेस्ट करा म्हणायला काय जातंय, पैसे कोण देणार? २०२३ ला महाराष्ट्रानं कर्नाटकातल्या आपल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले आरोग्य योजना दिली म्हणून पेढे वाटले. आमचं गाव त्यात आहे. भावाला घेऊन पलीकडं महाराष्ट्रात गेलो तर हा दाखला आणा, तो दाखला आणा. शेवटी जमिनीवर कर्ज काढलं.

बागेवाडी: मग इथलं कर्नाटकचं कार्ड वापरा की. आमच्या आईचं ऑपरेशन बीपीएल कार्डावर इथंच झालं, रुपया लागला नाही. तिकडं कशाला पळायचं?

निपाणीकर: १ नोव्हेंबरला कर्नाटकात घातल्याच्या निषेधात काळा दिवस पाळायचा आणि आजारी पडलं की इकडचं कार्ड काढायचं? तुमच्यासारख्यांमुळंच सीमाप्रश्न सडला.

बागेवाडी: माझ्या आईच्या आतड्यात सीमाप्रश्न नव्हता. तोंड सांभाळून बोला.

निपाणीकर: खरं बोललं की झोंबतंय.

लॅबवाली: दोघं बाहेर जाऊन भांडा. मी पॅथॉलॉजीत काम करते. गाठीच्या जीनपेक्षा ऑपरेशननंतर रक्तात गाठीचा डीएनए सापडतो का ते जास्त कामाचं. २०२२ चा डायनॅमिक नावाचा ट्रायल (पेशंटवरचा अभ्यास) बघा, स्टेज २ चे ४५५ पेशंट. रक्त बघून ठरवलं तर केमो १५ टक्क्यांना, नेहमीच्या पद्धतीनं २८. दोन वर्षांत न उलटलेले ९३.५ आणि ९२.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. टिळकवाडी अगदीच हवेत बोलत नाहीत.

खानापूरवाला: वा! म्हणजे पोस्ट चुकीची, टेस्ट भलतीच, पण ते बरोबर. घ्या टाळ्या. केमो वाचू शकते, मान्य.

टिळकवाडी_७: उशिरा का होईना.

लॅबवाली: टिळकवाडी, मेव्हण्याचं वय काय होतं? बीआरएएफ बघितलं का?

टिळकवाडी_७: ४१. बीआरएएफ निगेटिव्ह आहे. का?

लॅबवाली: घरात आणखी कुणाला?

टिळकवाडी_७: सासूबाईंना गर्भाशयाचा होता. त्याचा इथं काय संबंध?

खानापूरवाला: अहो, कमी वय, एमएसआय-हाय, बीआरएएफ निगेटिव्ह, आईला गर्भाशयाचा, म्हणजे लिंच असू शकतं, घराण्यात उतरणारा कॅन्सरचा जीनदोष! केमोवरून एवढं भांडताय, पण असलं तर भावंडांत निम्मी शक्यता. मेव्हणा म्हणजे मिसेसचा सख्खा भाऊ ना? त्यांची कोलोनोस्कोपी झालीय का?

टिळकवाडी_७: नाही. तिला काही त्रास नाही.

लॅबवाली: त्रास व्हायच्या आधीच करायची असते. मेव्हण्याचं रक्त जेनेटिक तपासणीला द्या, आणि मिसेसना या महिन्यातच दाखवा.

निपाणीकर: आणि त्यांचं नाव कुठल्या कार्डावर आहे ते आधी बघून ठेवा.